ढोल शेकणारी पोरगी

चि. वच्छलेस आशीर्वाद.

शाळेच्या बँडचा बिजाच्या लाकडाचा ढोल, दोन ताशे आणि वेळूच्या बासऱ्या मी स्वतःच्या हातांनी केल्या, कोणाकडे न शिकता. तू तर वर्गात तोंडही उघडत नव्हतीस. तो पंधरा ऑगस्ट आठवतो? दमट हवेने ढोलाचं कातडं सैल पडलं. हेडमास्तर ओरडले, "वाजवा!" तू जाळापाशी बसून सगळ्यांदेखत म्हणालीस, "थांबा गुरुजी, ढोल शेकून राह्यली मी. झेंडा पळून नाई जात." अख्खी शाळा तुझ्यासाठी थांबली.

आता तीन पोरी त्या ढोलासाठी भांडतात. मी ही शाळा सोडून गेलो तर बँड बंद पडेल. पुढचं तुझ्या आईला कळू नये म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. बल्लारपूरच्या लग्नबँडवाल्याने मला मास्तर म्हणून बोलावलं होतं. महिना ऐंशी रुपये देत होता, तरी मी नाही म्हटलं.

तुझा बाप,
मुखरू