मेघनाच्या सत्काराला मी नव्हतो

लालबाग, मुंबई
१२ नोव्हेंबर २०२४

ती. ललिताताईस,
हितूचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीने दुखतो म्हणते. मुंबईत थंडी कुठली! तू पाठवलेली आमसुलं मिळाली. भावोजींचा खोकला कसा आहे?

परवा फोनवर तू विचारलंस, "मेल्या, बायकोच्या सत्काराक तू खंय होतंस?" ताप होता म्हणालो. मेघना शेजारीच होती, जास्त बोललो नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या दादरच्या बँकेत मेनफ्रेम आहे ना, जुना अवाढव्य कॉम्प्युटर, सगळी खाती त्याच्यावर. त्यातले बरेच प्रोग्रॅम मी लिहिलेले. मेघना नोकरीला लागली तेव्हा तिला शिकवलं तेही मीच. आता बँकेला सगळं मोबाइलवर हवं. जुनं मशीन काढायचं नाही, पण त्याचं एकेक काम सुटं करून त्याची 'सर्व्हिस' करायची. मोबाइल असो, शाखा असो, कुणीही मागितलं की मेनफ्रेमने उत्तर द्यायचं. ही जबाबदारी मेघनाकडे गेली. मला वाटलं होतं, माझ्याकडे येईल.

पहिल्याच मीटिंगमध्ये तिने विचारलं, "शिल्लक दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून स्क्रीनचा भाग वेगळा काढता येईल?"

तो प्रोग्रॅम माझाच. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "नाही होणार."

घरी मेथी निवडताना ती म्हणाली, "हितू, होत नाही, की करायचं नाही?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग तिने दुसरी वाट काढली. तिच्या टीममधल्या अवधूतला घेऊन एक प्रोग्रॅम लिहिला. तो माणसासारखा आमची जुनी स्क्रीन उघडतो, आकडे वाचतो आणि मोबाइलला पाठवतो. चालला की! मी तो ओळ न् ओळ वाचून काढला, चूक सापडावी म्हणून. नाही सापडली.

त्यासाठी बँकेने तिचा सत्कार ठेवला. त्या दिवशी मी चादर ओढून पडलो. ती एकटी गेली. साहेब म्हणाले म्हणे, "मेघनाताईंनी मुक्या मशीनला बोलतं केलं." ताई, इतकी वर्षं ते मुकं होतं का गं? घरी आल्यावर तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. "ताप नाहीये," एवढंच म्हणाली आणि फुलं पाण्यात ठेवायला आत गेली.

पगाराच्या तारखेला गर्दी झाली आणि तिची ती वाट तुंबली. लोकांना मोबाइलवर शिल्लक दिसेना. मेघना माझ्याकडे आली नाही. तेच झोंबलं. मी आपणहून बसलो आणि 'नाही होणार' म्हणालो होतो तेच केलं, माझा शिल्लकेचा प्रोग्रॅम स्क्रीनपासून सुटा करून दिला. तिने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हे हितेंद्रने केलंय." टाळ्या झाल्या. आनंद व्हायला हवा होता. पण त्या टाळ्याही मला तिच्या हातून मिळाल्या, हे सलतंच आहे.

काल म्हणाली, "पुढचं दोघं मिळून करूया?" हो म्हणालो. तिचं अभिनंदन मात्र अजून तोंडातून निघत नाही.

हे पत्र तिला दाखवू नकोस, असं लिहिणार होतो. नाही लिहीत. डिसेंबरात ती तुझ्याकडे येतेय, तेव्हा वाचू दे तिला. मी समोर नसताना.

तुझा धाकटा,
नुसता वयाने वाढलेला,
हितू