दुपारची गोळी

पिंपळगाव रेणुकाई
६ ऑक्टोबर २०२४

चि. संघपाल यास,
जय भीम व अ. उ. आ.

फोनवर मी तुझं ऐकून घेत नाही, मधेच दुसरं काहीतरी काढते, म्हणून पत्र लिही असं तू म्हणालास. तर हे घे. एवढं लिहून मी शेळीला पाला टाकायला उठले, तिथून चुलीकडे गेले, चहा उतू घालवला आणि मग आठवलं की पत्र उघडंच पडलंय.

यंदा आमच्या शेडनेटात कंपनीच्या मिरची बियाण्याचा प्लॉट आहे आणि क्रॉसिंगची जबाबदारी मी मागून घेतली आहे. तू शिकायला गेलास तेव्हा गावात हे काम नव्हतं, म्हणून सांगते. दुपारून, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे आणि तिला लाल दोरा बांधायचा. सकाळी त्या फुलाला दुसऱ्या जातीचे परागकण लावायचे. एखादा केसर आत राहिला की बियाणं भेसळीचं, आणि असं फार झालं की सगळा माल तपासणीत नापास. सासूबाईंनी सगळ्या बायांसमोर सांगितलं की माल पास झाला न्हाई तर पुढच्या साली क्रॉसिंग जाऊबाईकडं, अन् मोनाली फक्त तण निंदायला. मी रागावणार कशी? डी.एड. सोडलं, शिवणक्लास सोडला. मला अर्धवट म्हणतात, आणि त्या शब्दाचे दोन्ही अर्थ लोक एकदमच वापरतात. पण हे काम मला पुरं करायचंय रे. हेही हातचं गेलं तर त्यांचं म्हणणं मलाच पटायला लागेल.

तू सांगितलेल्या जालन्याच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. तुझे दाजी देवानंद सोबत होते. बाईंनी आपल्या आईला फोन लावून माझं लहानपण विचारलं, आणि आईनं ते अगदी मन लावून सांगितलं. बाई म्हणाल्या, हा आळस नाही, लक्ष आणि आवेग न आवरण्याचा हा त्रास लहानपणापासूनचा आहे. गोळी दिली. ती उत्तेजक आहे हे कळल्यावर सासूबाई घाबरल्या. ही आधीच वाऱ्यावर पळून राह्यली, हिला आणखी उत्तेजक कशाला, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगू, मलाही तेच वाटतंय. उधळलेल्या बैलाला कुणी पराणी टोचतं का?

उत्तर जल्दी दे. ताईवर माया आहे तेवढी राहू दे.
तुझी,
मोनालीताई

नागपूर
१४ ऑक्टोबर २०२४

ती. मोनालीताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

बैलाचा प्रश्न वाचून मी आमच्या विभागात मोठ्यानं हसलो. आमच्या सरांनी पहिल्या तासाला हाच प्रश्न आम्हाला विचारला होता, फक्त त्यात बैल नव्हता.

आपल्या कपाळामागे मेंदूचा एक भाग असतो. थांब, आधी हे पुरं कर, असं सांगणं त्याचं काम. त्याचा निरोप एका पेशीकडून दुसरीकडे जातो तो डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन नावाच्या रसायनांवर. निरोप दिला की पेशी ते रसायन परत ओढून घेते. लहानपणी पाटाला उंदरांची बिळं पडली की पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायचं नाही, आठवतं? तुझी गोळी ती बिळं थोडा वेळ बुजवते. उत्तेजन मिळतं ते लगाम धरणाऱ्या भागाला, म्हणून पळणारं मन थांबतं. हे मी कितीदा वाचलं आहे, तरी प्रत्येक वेळी मला याचं नवल वाटतं. मात्र हे झालं ढोबळमानानं. तुझ्या मेंदूत नेमकं काय कमी-जास्त आहे ते कुणी मोजून सांगू शकत नाही.

मी औषधशास्त्राचा विद्यार्थी आहे, तुझा डॉक्टर नाही. छातीत धडधडलं, झोप किंवा भूक गेली तर बाईंना सांग. मनानं गोळी वाढवू नकोस आणि दुसऱ्या कुणालाही देऊ नकोस.

आणखी एक. लहानपणी तू मला धडा वाचून दाखवायचीस तेव्हा पान संपेपर्यंत त्यात तुझ्या मनाच्या दोन गोष्टी घुसलेल्या असायच्या. मला पुस्तकांची गोडी तिथूनच लागली. अर्धवट म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नाही.

तुझ्या सासूबाईंना, चतुराबाईंना, जय भीम सांग. लोभ आहेच, त्याला डोस लागत नाही.
तुझा,
संघपाल

पिंपळगाव रेणुकाई
३ नोव्हेंबर २०२४

चि. संघपाल यास,
जय भीम व अ. उ. आ.

हे पत्र सकाळी एका बैठकीत लिहिते आहे. चहाही झाला, उतू न जाता. माझ्या डोक्यात नळावरच्या बायांसारखं सगळं एकदम बोलायचं, ते आता एकेक करून बोलतं. शांतता अशी असते हे मला माहीतच नव्हतं. शेजारच्या बेबीनंदानं लेकीच्या दहावीसाठी एक गोळी मागितली, तिला नाही म्हणाले. ती रुसली आहे.

पण वाईट बातमी आहे. काल संध्याकाळी कंपनीचा सुपरवायझर आला. दोरा बांधलेल्या कळ्या त्यानं उघडून पाहिल्या तर काहींत केसर तसेच. सगळ्या माझ्या ओळीतल्या. सकाळी मी परागकण किती नीट लावत होते म्हणून सांगू, आणि दुपारी चिमट्याला हात लावला की मन पुन्हा गावभर. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. डॉक्टरीणबाईंनी कामाची वेळ विचारली तेव्हा मी सकाळी कामाला जाते असं सांगितलं होतं. आपल्याकडे शेतात जाणं म्हणजे सकाळीच. नाजूक काम दुपारचं आहे हे त्यांना कसं कळावं? सकाळच्या गोळीचा अंमल जेवणाच्या वेळेला उतरतो, आणि कळ्या त्यानंतर धरायच्या.

उद्यापासून सकाळीच दोन घ्याव्यात असं मनात आलं, पाकिटाला हातही घातला. मग ठेवून दिलं. बाया म्हणाल्या की थोड्याच कळ्या हायेत, मिसळून जातील, कोण बघून राह्यलं. पण चांगली कोणती, वाईट कोणती, मलाच सांगता येईना. मी कालच अंधार पडेपर्यंत माझ्या ओळीतली आजवरची सगळी दोऱ्याची फळं आणि फुलं तोडून टाकली. सासूबाई बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. तोडताना फार रडले. सगळं पुन्हा अर्धंच राहिलं असं वाटतंय.

मायेचं बोल, शास्त्राचं नंतर.
तुझी,
मोनालीताई

नागपूर
९ नोव्हेंबर २०२४

ती. मोनालीताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

मायेचंच बोलतो, पण त्यात थोडं शास्त्र येणारच. सुपरवायझर आला तेव्हा संध्याकाळ होती. म्हणजे तुझी गोळी कधीच उतरली होती. तरी पाकिटातला हात तू मागे घेतलास आणि सगळे मिसळू दे म्हणत असताना ओळ रिकामी केलीस. ताई, ते औषधानं केलं नाही. मला तुझा फार अभिमान वाटला, आणि हे मी फोनवर म्हणालो असतो तर तू मधेच तोडलं असतंस.

हंगाम अजून बाकी आहे. उद्याच बाईंना फोन कर आणि कळ्यांची वेळ सांग. दुपारी घेता येते का ते त्याच ठरवतील.

जशी आहेस तशी आवडतेस, एवढं ध्यानात असू दे.
तुझा,
संघपाल

पिंपळगाव रेणुकाई
१२ जुलै २०२५

चि. संघपाल यास,
जय भीम व अ. उ. आ.

तपासणीचा निकाल आला. आमचा माल पास झाला. वजनात कमी भरला, पण भेसळ नाही.

बाईंनी दुपारची दुसरी, लहान गोळी दिली तेव्हापासून हंगाम संपेपर्यंत माझ्या ओळीत खोट निघाली नाही. झोप थोडी उशिरा लागायची, ते बाईंनी गोळीची वेळ थोडी अलीकडे आणून जमवलं. हंगामभर सासूबाईच जेवणानंतर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहायच्या, की गोळी घे अन् मंग चिमटा धर. यंदा क्रॉसिंग कुणाकडं, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. रोपं टाकायला मलाच पाठवलं.

सगळंच सुधारलं असं समजू नकोस. काल किल्ली हरवली, परवा देवानंदवर उगाच ओरडले. पण शेडनेटात बायांचं काही अडलं की त्या एकमेकींना सांगतात, मोनालीला इचारा. माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी ओळीआड जाऊन रडून घेतलं, डोळे पुसले, बाहेर आले आणि त्यांना काय विचारायचं होतं ते विचारलं.

तुझ्या आठवणीत आम्हाला जागा ठेव.
तुझी,
मोनालीताई