सोन्यासाठी साइट सिलेक्शन

बुधवार, १८ फेब्रुवारी २००९. सकाळी ११.
आज व्हिसा कॅन्सल. कंपनीच्या पीआरओने, म्हणजे व्हिसाचे कागद फिरवणाऱ्या माणसाने, पासपोर्टवर शिक्का मारून आणून दिला आणि वर हबीबी, इन्शाल्ला खैर म्हणाला. अकरा वर्षं मी या कंपनीत सीनियर क्वांटिटी सर्व्हेयर. मी नसतो तर त्यांच्या टॉवरमधलं काँक्रीट मोजलं कुणी असतं? मंदी वगैरे निमित्त. हुशार माणूस डोळ्यांत सलतो.

आता तीस दिवस. २० मार्चच्या आत नवा व्हिसा, नाहीतर देश सोडायचा. लेक शुभ्रा माझ्या व्हिसावर, म्हणजे तिचीही शाळा सुटली. गिरिजा तिच्या शाळेच्या व्हिसावर आहे, तिला धक्का नाही. ती म्हणाली, मी टीचर आहे, तुम्हा दोघांना स्पॉन्सर करू शकते. बायकोच्या व्हिसावर नवरा! दुबईतल्या आमच्या अख्ख्या करामाला फुकट करमणूक. त्यापेक्षा पुण्याला जाऊन बसेन. साफ नाही म्हणून सांगितलं. ती बरं म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. परिस्थितीचं गांभीर्यच नाही या बाईला.

दुपारी ४. सीव्ही पाठवणार नाही. सीव्ही लाचार लोक पाठवतात. मार्केट मला ओळखतं. फोन येतील.

शनिवार, २१ फेब्रुवारी.
फोन नाही. नेटवर्कला प्रॉब्लेम असावा.

तिसऱ्या मजल्यावरचा राजन जिन्यात भेटला. त्याचा पगार चाळीस टक्के कापला आणि हा नोकरी राहिली म्हणून पेढे वाटतोय. पेढा खाल्ला. कणा नसलेला माणूस.

दुपारी इंटरनेटवर एक ऑस्ट्रेलियन पाहिला. मेटल डिटेक्टर घेऊन माळरानात गेला आणि बटाट्याएवढा सोन्याचा गोळा घेऊन आला. चेहऱ्यावरून दहावी नापास वाटतो. त्याला जमतं, तर डिग्रीवाल्याला किती सोपं! फ्लॅट पडले, शेअर पडले, टॉवर अर्ध्यावर थांबले, सोनं मात्र चढतंय. हा हिशेब दुबईत फक्त मला सुचला. एक मोठा गोळा सापडला की विकायचा, स्वतःचं ट्रेड लायसन्स काढायचं, इन्व्हेस्टर व्हिसा घ्यायचा. माझा स्पॉन्सर मीच.

सोमवार, २३ फेब्रुवारी.
मेटल डिटेक्टर घेतला. सेकंडहँड, हेडफोनसकट साडेअठराशे दिरहम, म्हणजे जवळजवळ पंचवीस हजार रुपये. घर आवरून मायदेशी निघालेला एक गोरा विकत होता. सोफा, टोस्टर, कुत्र्याचा पिंजरा, सगळ्यावर किमतीच्या चिठ्ठ्या. घाबरट जात. डिटेक्टर कसा वापरायचा ते समजावू लागला, तर मी म्हटलं, आय अ‍ॅम फ्रॉम कन्स्ट्रक्शन.

गिरिजाने विचारलं, हे काय? सांगितलं. तिने फक्त किंमत विचारली. बायकांचा दृष्टिकोन.

बुधवार, २५ फेब्रुवारी.
वेडे लोक यंत्र घेऊन वाटेल तिकडे धावत सुटतात. मी आधी साइट सिलेक्शन करणार. एक्सेलमध्ये शीट केली. सात जागा: जुमेराचा किनारा, अल ऐनच्या रस्त्यावरची वाळू, मसाफीच्या डोंगरातली वादी, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, वगैरे. प्रत्येक जागेला अंतर, पार्किंग, सावली, मोबाइल कव्हरेज, टॉयलेट आणि सोन्याची शक्यता यांचे मार्क. शास्त्रशुद्ध काम.

संध्याकाळी निकाल. पहिला नंबर: आमच्या बिल्डिंगमागचं पार्किंग.

शीट बरोबर आहे. सोन्याच्या शक्यतेला शंभरात पाच मार्क दिले होते, ते वाढवावे लागतील.

रविवार, १ मार्च.
शीटची सहावी रिव्हिजन. दहा दिवस गेले असं गिरिजा म्हणते. प्लॅनिंगला वेळ लागतो हे शाळेत शिकवणाऱ्यांना कसं कळणार? जुमेरा बाद केलं. तिथे लोक हरवलेल्या अंगठ्या शोधतात. दुसऱ्याच्या हरवलेल्या वस्तू शोधण्याइतका मी खाली आलेलो नाही. वाळवंट बाद, कारण वाळू सरकते, आज मोजलेली जागा उद्या तिथे नसते. वादी पक्की. पूर डोंगरातून सोनं खाली आणतो आणि दगडांत अडकवून ठेवतो. पाऊस वर्षातून चार दिवस पडतो, पण हजारो वर्षांचं साठलेलं असणारच.

गिरिजाने माझे पांढऱ्या बॅकग्राउंडवरचे चार फोटो मागितले. कशाला ते विचारलं नाही. उद्या पेपरवाले मागतील तेव्हा घरात तयार असलेले बरे.

शुक्रवार, ६ मार्च. मसाफी.
बाबाजीच्या पिकअपमधून आलो. बाबाजी आमच्या साइटवरचा फोरमन, कुडाळकडचा. रास अल खोरच्या यार्डात आता भंगार मोजतो. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून आला, म्हणजे मला अजून साहेब मानतो. बाकी डोकं यथातथाच. पायात रबरी चप्पल! खडकांत! मी त्याला तिथेच सेफ्टीवर लेक्चर दिलं. मी स्वतः पूर्ण तयारीत: हेल्मेट, पिवळं जॅकेट, कंपनीचे सेफ्टी शूज. माझ्या साइटवर मालकालासुद्धा सेफ्टी शूजशिवाय आत सोडलं नव्हतं.

दुपारी १२.२०. डिटेक्टर सुरू केला आणि पहिल्याच पावलाला आवाज. दुसऱ्या पावलाला आवाज. पाऊल टाकीन तिथे आवाज! चाळीस मीटर चाललो, एक जागा रिकामी नाही. बाबाजीला म्हटलं, तू बघ. तो चप्पल फटफटवत त्याच रेषेत चालला, यंत्र गप्प. माझ्याकडे दिलं की पुन्हा ओरडायला लागतं. यंत्रालासुद्धा माणूस कळतो.

बाबाजीने दोन ठिकाणी हातभर खणलं. सार्डिनचा एक डबा निघाला. म्हणाला, साहेब, हय पाणी नाय, सोना खंयसून येतला? अडाणी प्रश्न. खड्ड्याच्या एका बाजूला आवाज येत होता, दुसरीकडे जाऊन उभा राहिलो तर तिकडे यायला लागला. म्हणजे सोन्याची शीर वाकडी आहे.

क्वांटिटी काढली. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, दगडांचे दहा टक्के वजा. प्रोव्हिजनल आकडा साडेचार टन. खणणं माझ्या स्कोपमध्ये येत नाही. त्याला कॉन्ट्रॅक्टर लागेल.

मंगळवार, १० मार्च.
खोदाईच्या तीन कॉन्ट्रॅक्टरना फोन केला. काम ऐकून दोघांनी ठेवला. तिसरा म्हणाला, जेसीबी रिकामाच उभा आहे, पण अ‍ॅडव्हान्स. सोन्यातून देईन म्हटल्यावर हसत सुटला. असल्या माणसांमुळेच मंदी येते.

घरात जुन्या रेझ्युमेची प्रिंट मिळाली. गिरिजाने त्यावर पेन्सिलीने स्पेलिंग दुरुस्त केली होती. तीन होती. टायपिंगच्या चुका.

शुक्रवार, १३ मार्च. दुपारी.
आज फॅमिलीला साइट व्हिजिट. गाडी भाड्याने घेतली. विचार असा की गिरिजाने एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं की स्पॉन्सरचा विषय खलास.

हेडफोन तिच्या कानाला लावला आणि चालून दाखवलं. दर पावलाला आवाज. तिचा चेहरा बदलला हे मी पाहिलं. क्षणभर तिलाही वाटलं. खरंच वाटलं. लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे असं बघितल्याचं मला आठवत नाही.

शुभ्रा दगडावर बसून ज्यूस पीत होती. ती म्हणाली, बाबा, इट्स युअर शूज. मी म्हटलं, नॉनसेन्स. ती म्हणाली, दे हॅव स्टील इनसाइड, यू ओन्ली टोल्ड मी. टेक देम ऑफ.

काढले. पुढे लोखंडी टोपी असते, पायावर वीट पडली तरी बोटं वाचावीत म्हणून. ट्रेनिंगमध्ये हे मी दोनशे माणसांना शिकवलेलं आहे. मोज्यांवर चाललो. तापलेले दगड. चाळीस मीटर. यंत्र गप्प.

गिरिजा हसली असती तर मी भांडलो असतो. हसली नाही. माझे शूज उचलून आणून पायाशी ठेवले आणि चल, तळपाय भाजतील म्हणाली. परतीच्या रस्त्यात कुणी रेडिओसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी ७. शूजमुळे निष्कर्षात थोडा फरक पडतो, एवढंच. साइट सिलेक्शनची पद्धत बरोबरच होती.

रविवार, १५ मार्च.
सात नंबरची रिव्हिजन उघडली. बंद केली.

एकसष्ट ठिकाणी सीव्ही पाठवले. मार्केटला एक संधी द्यायला हरकत नाही. एक उत्तर आलं, तेही आपोआप येणारं: हे गृहस्थ आता कंपनीत नाहीत.

शुभ्राने विचारलं, बाबा, माझ्या सायन्स प्रोजेक्टला डिटेक्टर मिळेल का, २० तारखेनंतर मी इथे असले तर. असले तर, असं म्हणाली. अकरा वर्षांची मुलगी तारखा मोजते. तिला घेऊन जा म्हटलं आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. रडू आलं. धूळ फार आहे करामात.

गुरुवार, १९ मार्च. दुपारी २.
गिरिजा म्हणाली, शाळेतून अर्धी सुट्टी घेतलीय, चल. व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. गल्लीतलं एवढंसं दुकान, आत वीस माणसं, सगळे घामेघूम, एकाच्याही कागदांना नीट फाइल नाही. गिरिजाची होती. प्लास्टिकच्या कप्प्यात माझे चार फोटो, शुभ्राचे चार, तिच्या पगाराचं सर्टिफिकेट, घरभाड्याचा करार.

टायपिस्टने हिंदीत विचारलं, साब का प्रोफेशन? मी सांगायला लागलो, सीनियर क्वांटिटी सर्व्हेयर, ब्रॅकेटमध्ये हाय-राइज. तो म्हणाला, अरे साब, बीवी के वीज़े पे प्रोफेशन नहीं लिखते. रकाना मोकळा सोडून पुढे गेला. अकरा वर्षांची सीनियॉरिटी त्याने टॅब दाबून ओलांडली.

मग लग्नाचं सर्टिफिकेट मागितलं. ते मुंबईहून, दिल्लीहून शिक्के मारून आणावं लागतं, दीड-दोन महिने जातात. आपण आता अडकलो, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, कारण चूक निदान तिचीही निघाली असती. गिरिजाने कप्प्यातून कागद काढला. सगळे शिक्के होते. मी तारीख वाचली. शेवटचा शिक्का १७ डिसेंबर २००८.

डिसेंबरात मी ऑफिसात होतो. माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. मला काढणार हे कंपनीला माहीत नव्हतं, एचआरला माहीत नव्हतं.

तिला विचारलं, तू हे कधी पाठवलंस? ती म्हणाली, नोव्हेंबरमध्ये. तू रोज जेवताना सांगायला लागलास ना, की मला कुणी काढूच शकत नाही, तेव्हा.

सही कुठे करायची ते टायपिस्टने बोटाने दाखवलं. केली.