सुतावरून मोटार

२३ ऑगस्ट १९७०. भोसरी.

आजपासून रोजनिशी. याआधी दोनदा सुरू केली होती, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडणार.

वाण्यानं शेंगदाणे बांधून दिले तो कागद इंग्रजी मासिकाचा निघाला. त्यावर फोटो. विलायतेतला एक टकला गृहस्थ दोन्ही तळहातांवर मोटार घेऊन उभा. मडगार्ड, स्टेपनी, दिवे, सगळं हुबेहूब. खाली 'स्केल मॉडेल १:१२'. पुढचा मजकूर दुसऱ्या कुणाच्या तरी शेंगदाण्यांबरोबर गेला असणार. पण शेंगदाणे संपेपर्यंत माझा निर्णय झालेला होता.

मी मॉडेल करणार. अनंतरावांच्या मॉरिसचं.

अनंतराव म्हणजे चाळीसमोरच्या वर्कशॉपचे मालक. त्यांच्या वडिलांची १९३८ ची मॉरिस शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते. मागे त्यांच्याकडे नोकरी मागायला गेलो होतो. काय येतं म्हणाले. मी म्हणालो, तसं सगळंच. त्यावर म्हणाले, "आधी हात दाखव, मग बघू."

म्हणजे नोकरी नक्की आहे. फक्त हात दाखवायचा राहिलाय.

दाजींना सांगितलं. ज्योतीरामदाजी पिंपरीला कंपनीत शिफ्टला जातात आणि मी त्यांच्या खोलीत राहतो हे शिफ्टमध्येही विसरत नाहीत. म्हणाले, दसऱ्यापर्यंत कामाला लागलास तर ठीक, नाहीतर वांबोरीला माझ्या काकांच्या पिठाच्या गिरणीवर जायचं. एसटीत मी बसवून देतो. कस्तुराअक्का माझी सख्खी बहीण, पण भाकरी थापताना तिला काही ऐकू येत नाही.

पीठ. नाकात, कानात, पापण्यांवर. ट्रकवर क्लीनर म्हणून मी पार इंदूरपर्यंत जाऊन आलेला माणूस. मला गिरणीत घालणं म्हणजे घोड्याला घाण्याला जुंपणं.

२४ ऑगस्ट

१:१२ म्हणजे काय ते सुरेंद्रला विचारलं. हा वर्कशॉपातला टर्नर, आयटीआय पास, त्यामुळे जरा शिष्ट. म्हणाला, खऱ्या गाडीच्या एका फुटाला मॉडेलचा एक इंच. मी म्हणालो, माझाही तोच अंदाज होता.

२७ ऑगस्ट, गुरुवार

लाइट बंद, वर्कशॉपला सुट्टी. वॉचमनला विडी देऊन शेडमध्ये शिरलो. अक्काची शिवणाची टेप बरोबर.

ताडपत्री काढली आणि उभाच राहिलो. काय बाई आहे! काळी, कमरेत बारीक, मडगार्डं अशी की पदर सावरून बसल्यासारखी. दाराच्या खांबात एक खाच आहे. वळायचं असलं की त्यातून बोटाएवढा पिवळा हात बाहेर येतो. डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. आता गाड्यांना नुसते लुकलुकणारे दिवे असतात. त्यात कसली माणुसकी?

लांबी बारा फूट. म्हणजे बारा इंच. चाक टायरसकट दोन फूट. म्हणजे दोन इंच. इतकं सोपं असताना लोक कॉलेजात का जातात कळत नाही.

निघताना लेथजवळ नवी पाटी दिसली: 'यापुढे सूत बंद. हुकुमावरून.' हात पुसायला कामगारांना चिमूटभर सूतसुद्धा द्यायचं नाही? मालक एवढे चिक्कू असतील असं वाटलं नव्हतं. नोकरी लागली की पहिलं हे बोलायचं.

१ सप्टेंबर

काम उद्यापासून जोरात. आज गणपती मंडळाची मुलं आली. डेकोरेशनला कलाकार हवाय म्हणाली. माझं नाव कुणी सुचवलं ते सांगेनात. नाही म्हणवेना.

११ सप्टेंबर

मंडळाचा देखावा: समुद्रमंथन. वासुकी मी केला. तोंडाकडून बरा झालाय. मोटारीचं डोक्यात चालूच आहे. डोक्यात चालणं हेही कामच.

१६ सप्टेंबर

विसर्जन झालं. आता फक्त मोटार.

गावातल्या धोंडीबा सुताराकडे गेलो. मशीनच्या खोक्याचं जाड लाकूड बरोबर घेऊन. त्यानं लाकूड बघितलं, मला बघितलं. म्हणाला, "पितरांचं दिस चालू हायती. नवं काम घट बसल्याबगर धरायचं न्हाई."

मी म्हणालो, हे विलायती काम आहे. तो म्हणाला, मग विलायतीच सुतार बघा.

म्हणजे घटस्थापनेपर्यंत थांबणं आलं. तिथून दसरा नऊ दिवसांवर. या समाजात कलावंतानं वेळेत काही करायचं कसं? गणपतीआधी का गेला नाहीस, असं अक्का म्हणाली. तिला पार्श्वभूमी माहीत नाही.

२४ सप्टेंबर

वाट बघण्यात दिवस का घालवा, म्हणून अभ्यास. महाळुंग्याला एका शेतात जुनी मोठी मोटार आहे असं कळलं. चाकणपर्यंत बस, पुढे कांद्याच्या बैलगाडीवर.

मोटार खरोखर होती. बाभळीखाली, चाकांशिवाय, आणि आत कोंबड्या. मागच्या सीटवर एक खुडूक बसलेली. हेडलाइटच्या वाटीत पाणी. पण रेषा! गंजातूनसुद्धा बॉनेटची रेषा सुटलेली दिसत होती, तलवारीसारखी. मी तिच्याभोवती फिरत राहिलो तेव्हा घरातून मालकीण सोजरबाई आल्या, हातात काठी. कोंबडीचोर समजून. मी समजावलं की मी मोटार बघतोय.

म्हणाल्या, "मोटार न्हाई बाबा, खुराडं हाय ते. आमचा सासरा सायबाकडून घिऊन आला तवा मोटार व्हती."

मी त्यांना ही वस्तू कशी दुर्मिळ आहे ते सांगितलं. त्यांनी मला चार अंडी दिली. परत येताना बसमध्ये दोन फुटली, खिशात, मापांच्या कागदावर. आकडे बहुतेक वाचता येतात.

२ ऑक्टोबर

धोंडीबानं काम धरलं. मिलिमीटर म्हटलं की तो तंबाखू मळायला घेतो. त्याचं सगळं इंचात आणि सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. मला ही पद्धत फार आवडली. दिवसभरात मीसुद्धा सुतात बोलायला लागलो. अक्काला म्हणालो, भाकरी दोन सूत जाड आहे. तिनं चौथी भाकरी वाढली नाही.

४ ऑक्टोबर

भांडण. मोटार आतून पोकळ हवी, सीटं बसवायचीत. धोंडीबानं सरळ भरीव ठोकळाच घडवलाय. म्हणाला, पोकळ केली तर फुटंल, भरीव असली तर वर हत्ती उभा करा. मी विचारलं, मोटारीवर हत्ती कोण उभा करणार? म्हणाला, त्ये तुमी बघा.

काचा रंगवायच्या ठरवलं. पण बाहेरून शेप अप्रतिम आलाय. बॉनेटवरून हात फिरवला तर थांबवत नाही.

५ ऑक्टोबर

मापांच्या कागदाचा कोरा अर्धा भाग फाडून चाकांचा कागद केला, सुरेंद्रला दिला. जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढून देतो म्हणाला. दोन इंच, म्हणजे सोळा सूत. स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चाकं ४, स्टेपनी १. व्यास १६.' उगाच जास्त लिहिलं की माणूस अडाणी वाटतो.

६ ऑक्टोबर

दिवसभर रंग. सायकलचा काळा. आणि दाराच्या खांबात खाच पाडून काडीचा हात बसवला, पिवळा. नखानं उचलला की वर येतो, सोडला की आत जातो. हा मी स्वतः केला. कुणाची मदत नाही. शंभर वेळा वरखाली करून बघितला असेल. अक्कानंही करून बघितला. म्हणाली, किती गोड रे. मग जरा वेळानं म्हणाली, वांबोरी तशी लांब आहे.

नोकरी डिझाइन डिपार्टमेंटमध्येच मागावी. तसं डिपार्टमेंट तिथं नाही, पण काढतील.

७ ऑक्टोबर, संध्याकाळ

सुरेंद्रनं चाकं दिली. कागदी पुडीत. पुडी बघून वाटलं, आधी एकच आणलंय. उघडली तर पाचही.

कोटाची बटणं.

मी म्हणालो, हे काय? तो म्हणाला, चाकं, सोळा. मी म्हणालो, अरे सोळा सूत! तो शांतपणे म्हणाला, "कागदावर सोळा लिहिलंय. लेथला सूत कळत नाही राव. सोळा म्हणजे सोळा मिलिमीटर."

शिकलेल्या माणसाला इतकंसुद्धा समजू नये? एवढी मोठी मोटार, तिला एवढं चाक असेल का? म्हणे, तू मोटार कुठं दाखवलीस? ते सरप्राइज होतं.

नवी काढून दे म्हटलं तर उद्या गुरुवार, लाइट नाही. परवा खंडेनवमी, मशीनला हात लावायचा नाही, पूजा.

८ ऑक्टोबर

बटणं बसवली. मोटार जमिनीला पोट टेकून बसलीय. सकाळी वाईट दिसत होती. दुपारी लांबून, डोळे बारीक करून बघितली तर वेगात असल्यासारखी वाटते. विलायतेत बहुधा अशीच फॅशन असेल. फोटोतली चाकं नीट आठवत नाहीत, आणि त्या कागदात अक्कानं शेजारणीला मिरच्या दिल्या.

एकूण विचार करता बरंच झालं.

९ ऑक्टोबर, खंडेनवमी

लिहायचा मूड नाही. पण लिहितो.

वर्कशॉप धुऊन पुसून लख्ख. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलला हळदकुंकू. मी मोटार फडक्यात गुंडाळून नेली आणि पूजेच्या चौरंगावर ठेवली. फडकं काढलं. मग वेल्डर म्हणाला, मालक, ही इस्त्री कुणाची? सगळे हसले. सुरेंद्र हसला नाही, हे मला जास्त लागलं.

अनंतराव पुढे आले. त्यांनी ती उचलली. म्हणाले, अरे, ही तर आमची मॉरिस. वेल्डरला इस्त्री दिसली, त्यांना मॉरिस दिसली. त्यांनी नखानं तो पिवळा हात वर केला. खाली केला. पुन्हा वर केला. सगळ्यांना सांगायला लागले, माझे वडील वळण यायच्या मैलभर आधीच हा हात काढून ठेवायचे. आई म्हणायची, आधी कुठं जायचं ते तरी ठरवा. मालक हसत होते. डोळे पुसले असंही मला वाटलं. तेवढ्यात मी ठरवून टाकलं की पहिला पगार अक्काला.

मग त्यांनी मोटार उलटी केली. विचारलं, चाकं अशी का?

मी सविस्तर सांगितलं. सोळा सूत कसे, सुरेंद्रची चूक कशी. सुरेंद्रनं खिशातून माझा कागद काढून नुसता पुढे धरला. अंड्याचा डाग होताच.

मालक कागदाकडे बघत राहिले. मग लेथजवळच्या पाटीकडे बोट केलं. म्हणाले, "किसन, ती पाटी वाचलीस का?"

मी म्हणालो, वाचली. आणि विषय निघालाच आहे तर स्पष्टच बोलतो, हात पुसायला सूत बंद करणं मला पटलेलं नाही.

वेल्डर खाली बसला. पोट धरून.

मालक हसले नाहीत. म्हणाले, ऑगस्टमध्ये माझा अख्खा लॉट परत आला. एकानं सूत धरलं, दुसऱ्यानं मिलिमीटर. म्हणून सूत बंद. सुतानं मोजणं बंद. मोटार त्यांनी चौरंगावर परत ठेवली, पण सावकाश ठेवली, तो पिवळा हात नीट आत घालून.

मी विचारलं, मग माझं बघू म्हणाला होतात, ते कधी बघायचं?

"बघू नाही, किसन. नको."

पेढा दिला. खाल्ला.

१० ऑक्टोबर, दसरा

दाजींनी आपट्याचं पान हातात ठेवलं आणि म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. सोन्यासारखे राहा, वगैरे नाहीच. उद्याची सकाळची एसटी.

मी भूक नाही म्हणालो. पण मग दाजींनीच एक गोष्ट सांगितली, आणि सगळं चित्र पालटलं. म्हणाले, काका तुझीच वाट बघतायत. त्यांची मोटार सारखी त्रास देते. बघणारं कुणी नाही.

काकांकडे मोटार आहे! हे आधी का सांगितलं नाही? पिठाच्या गिरणीवाल्याकडे मोटार म्हणजे जुनीच असणार. कदाचित मॉरिससुद्धा. भोसरीला माणसाची किंमत नाही, तिथं आहे. गिरणी बाकीच्यांनी बघावी, मी मोटार बघेन.

अक्कानं मॉडेल दशम्यांच्या शेजारी पिशवीत घातलं. म्हणाली, घेऊन जा, तिथं तरी कुणी बघेल. मग ती पुन्हा भाकरी थापायला बसली. पीठ नव्हतं तरी.

१२ ऑक्टोबर. वांबोरी.

मोटार म्हणजे गिरणीची. विजेची. दहा हॉर्सपॉवर.

इकडे तिलाही मोटारच म्हणतात.

१८ ऑक्टोबर

नाकात पीठ. कानात पीठ. रोजनिशीतही पीठ, म्हणून अक्षर असं.

मोटारीचा त्रास काय, तर तिच्या लाकडी बैठकीचा एक पाय खचलाय. चालू केली की नाचते, पट्टा सुटतो. काका आठवडाभर विटा, फळ्या, काय काय लावून बघत होते. आज मी दळण ओतत असताना त्यांनी माझ्या पिशवीतून मॉरिस काढली. विचारलं नाही. चाकं पक्कडीनं उपटली आणि मॉरिस बैठकीखाली सरकवली.

बरोबर बसली. बारा इंच लांबीची जागा, बारा इंचांची मोटार. काका वाकून, एक डोळा मिटून बघत राहिले. म्हणाले, "एका सुताचा फरक न्हाई. कुणी केली रं ही पाचर?"

मी म्हणालो, मी.

फुटली नाही, भरीव आहे. धोंडीबाचा हत्ती तो हाच.

आता बटण दाबलं की ती मोटारीखाली जागच्या जागी थरथरते. आज तर त्या थरथरीनं तो पिवळा हात आपोआप वर आला. दाराशी उभं राहून बघितलं तर वाटतं, इंजिन चालू आहे, वळायचंही ठरलंय.

मोटार बंद केली की हात आत जातो.