अकराव्या प्रकरणापाशी

बुलढाणा
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

सौ. अन्नपूर्णाबाई विहीणबाईंना पुष्पाबाईचा नमस्कार.

काल रात्रीच लिहायचं मनात होतं, पण कालचा दिवस अमावस्येचा, म्हणून आज बसले. इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडली. तुमच्याकडं शेगावात अजून पंखे फिरत असतील, इथं पठारावर एक गोधडी पुरत नाही. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, म्हणून समतेचे बाबा सकाळभर मजुरांच्या मागं असतात आणि संध्याकाळी माझ्या मागं. भगवानराव व्याह्यांचे गुडघे आता कसे आहेत? जावईबापू गोपालरावांना आशीर्वाद सांगा. समतेला वेगळं काही लिहीत नाही, तिच्याशी रोज बोलणं होतं.

पत्र पाहून तुम्ही म्हणाल, या बाईले फोन करता येत नाही काय. येतो. पण लग्नापासून फोनवर आपण दोघी काय बोललो? तुम्ही म्हणता, “थांबा, समतेले देतो.” मी म्हणते, “हाव, द्या.” झालं बोलणं. पत्रात मला मधेच कोणी समतेकडं देऊ शकत नाही.

दिवाळीत गोपालरावांच्या हाती तुम्ही निरोप पाठवला, की बाळंतपण शेगावलाच होईल, पोरगी माहेरी यायची नाही. पहिलं बाळंतपण, विहीणबाई! त्यावर मला काय काय बोलायचं होतं ते मी महिनाभर मनात घोळवलं, पोळ्या लाटता लाटता तुमच्याशी भांडले. पण ते नंतर. आधी या आठवड्यात मी काय वाचलं ते सांगते. तुम्हाला माझ्या पुस्तकांचं कौतुक नाही हे माहीत आहे. तरी ऐका, कारण सगळं त्यातूनच निघालं.

शनिवारी वाचनालयात गेले. सध्या दिवाळी अंकांची गर्दी आहे. एका वेळी एक पुस्तक आणि एक अंक मिळतो, आणि चांगला अंक कोणाच्या घरी अडकला याची आम्हा बायांना पक्की खबर असते. इंद्रभानभाऊ, म्हणजे तिथले ग्रंथपाल, माझ्यासाठी एखादा अंक टेबलाच्या खणात दाबून ठेवतात. या खेपेला त्यांनी दिलेल्या अंकात निम्म्या जाहिराती आणि निम्मं राशिभविष्य निघालं. तुमची रास मला ठाऊक नाही, नाहीतर तेही वाचलं असतं. सोबत एक प्रवासवर्णन आणलं, ते रविवारी दुपारी संपलंसुद्धा. लिहिणारा जिथं जाईल तिथं आधी जेवायचा. मला आवडलं.

एक खोड सांगते, हसू नका. कुठलंही पुस्तक हाती आलं की मी शेवटचं पान आधी वाचते. समतेचे बाबा म्हणतात, ही बाई जेवायच्या आधी विडा खाते. खाते तर खाते. शेवट ठाऊक असला म्हणजे मधलं दुःख मला निवांत वाचता येतं.

सोमवारपासून फोनवरची कादंबरी लावली. भाऊबीजेला समता आली होती तेव्हा तिनं माझ्या फोनात ते ऐकायच्या पुस्तकांचं ॲप टाकून दिलं. म्हणाली, खातं माझंच आहे, तू फक्त ऐक. मी फोन स्टीलच्या गंजात उभा करते, म्हणजे आवाज खणखणीत येतो, आणि तुरीच्या शेंगा सोलत ऐकते. सगळं बरं आहे, पण एक चुकल्यासारखं वाटतं. माझी मोठी मावशी गोष्ट सांगायची तेव्हा कोणीतरी हुंकार द्यावा लागे. हुंकार थांबला की मावशी थांबायची, म्हणायची झोपले वाटते सगळे. फोनातली बाई कोणासाठी थांबत नाही. मी आपली सवयीनं पातेल्याकडं पाहून “हं, हं” करत असते. परवा शेजारची छकुली दारातून बघून गेली आणि आईला सांगितलं, पुष्पाआजी गंजाशी बोलून राह्यली.

तर कादंबरी. गोदा नावाची पोरगी, गरीब माहेर, नदीकाठचं सासर. सोमवारी पाचवं प्रकरण संपवून मी फोन ठेवला. मंगळवारी उघडला तर आठवं सुरू! गोदाचं लग्न झालेलं, सासू आलेली, दारात म्हैस बांधलेली, आणि मला पत्ता नाही. मी मागं नेलं, सहावं-सातवं ऐकलं. बुधवारी उघडला तर थेट अकरावं. समतेच्या बाबांना म्हटलं, फोनात काहीतरी शिरलं हो. ते म्हणाले, “तुह्या हाताले लागून सरकत असन.” पुन्हा मागं नेलं. नेटानं बसून आठ, नऊ, दहा ऐकलं, अकरावंही ऐकलं आणि बाराव्यात पोचले. काल सकाळी उघडलं तर पुन्हा अकराव्याची सुरुवात. आता मात्र माझं डोकं फिरलं. उठले आणि वाचनालयात जाऊन तीच कादंबरी छापलेली मागितली. कागदावरचं पान कोणी सरकवत नाही.

इंद्रभानभाऊंनी शोधून दिली. तिथंच बाकावर बसून शेवटचं पान वाचलं आणि घरी आले. दुपारी सहज फोन उघडला, तर पडद्यावर पाटी आली: हे पुस्तक दुसऱ्या फोनवर सुरू आहे.

म्हटलं, कोणाच्या?

समतेला फोन लावला. ती आधी हसली, मग म्हणाली, “आई, सासूबाईच्या फोनवर. त्याईनं तुले सांगू नको म्हटलं होतं.”

विहीणबाई, मी खाटेवर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. लग्नात विहिणींच्या पंगतीत, चाळीस बायांसमोर, तुम्ही काय म्हणाल्या होत्या? “पुस्तकं वाचणारीच्या घरचं वरण पातयच असते.” ते पातळ वरण मी केलंही नव्हतं, आचाऱ्यानं केलं होतं! तेव्हापासून मी तुमच्यावर चिडून आहे, आज सरळ सांगते. आणि तुम्ही श्रावणापासून दार लोटून, वाती वळत, एकामागं एक पुस्तकं ऐकून राह्यल्या! समता म्हणाली, चार झाली. माझं या वर्षात ऐकून एकही पूर्ण झालेलं नाही. तुमचेही हाल झाले असतील म्हणा. तुम्ही आठव्यावर ठेवायचं, उघडलं की सातवं. तुम्हीही गोपालरावांना म्हणाल्या असाल, फोनात काहीतरी शिरलं. ती मीच होते.

हसून झालं, आणि मग मला अकरावं प्रकरण आठवलं. तुम्ही तिथंच का थांबता? दोनदा तिथवर आलात, दोनदा तिथंच बंद केलंत. त्या प्रकरणात गोदाचे दिवस भरतात. माहेराहून तिला बैलगाडीतून दवाखान्यात न्यायला निघतात आणि वाटेतल्या नाल्याला पूर येतो. मी समतेला विचारलं. ती सांगेना. मीच खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिच्यावर रागावू नका.

गोपालरावांच्या आधी तुम्हाला पोरगी झाली होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माहेरी गेला होतात, तिथून दवाखान्यात नेताना वाटेत सगळं झालं आणि ती राहिली नाही. समतेलाही हे आत्ता दिवाळीनंतर कळलं, गोपालरावांनी सांगितलं. त्यांनाही कोणा आत्याकडून कळलेलं. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हे तोंडातून काढलं नाही.

आणि मी काय समजत होते? की ही बाई शेगावची, दुकानवाली, माझं घर हिला हलकं वाटतं. मधल्या बोथ्याच्या घाटातून सातव्या-आठव्या महिन्यात पोरगी पाठवायची, नाहीतर अडल्या वेळी तिथून उतरवायची, या विचारानं तुमचा जीव खालीवर होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही निरोपात तेवढं एक वाक्य घातलं असतं तर मी महिनाभर पोळ्या करपवल्या नसत्या. पण कसं घालणार? ते वाक्य लिहिणं सोपं नाही, मला कळतं. काल रात्री जेवताना मला रडू आलं आणि समतेच्या बाबांना वाटलं भाजी तिखट झाली.

आता माझं म्हणणं ऐका. बाळंतपण शेगावलाच होऊ द्या. पोरीनं घाट चढायचा नाही आणि उतरायचाही नाही. माहेर तिच्याकडं येईल. डोहाळजेवण तुमच्याच अंगणात करू, हिरवी साडी आणि ओटीचं सामान मी घेऊन येईन. आणि दिवस भरत आले की मी तुमच्याकडं येऊन राहीन, बाळाचं न्हाऊमाखू उरकेस्तोवर. समतेच्या बाबांनी महिनाभर स्वतःच्या हातानं खिचडी करून खावी, त्यांनाही थोडं कळू द्या.

नातवंड होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात. माझ्या आईनं पाळलं, समता होईपर्यंत माझ्या दारात येऊन उभ्या उभ्या परत जायची, आणि मी आत जाऊन रडायची. मी नाही पाळणार. मी तुमच्या घरचं पाणी पिणार, चहा पिणार, आणि वरणही खाणार. पातळ असलं तर तोंडावर सांगणार.

त्या घरात एका पोरीसाठी दोन बाया जाग्या राहतील, मग तुम्हाला एकटीला भ्यायचं कारण नाही. एवढंच मला म्हणायचं होतं. बाकी सगळं यासाठीच लिहिलं.

आणि आता ते राहिलेलं. मी शेवटचं पान वाचून आले आहे, म्हणून खात्रीनं सांगते. गोदा वाचते. तिची पोरगीही वाचते. नाल्यापलीकडून माणसं पोहत येतात आणि खाटेवर घालून तिला पार नेतात. शेवटच्या पानावर ती पोरगी शाळेत जायला निघते आणि आजी तिच्या मागं डबा घेऊन धावते. शेवट फोडला म्हणून समता मला रागावेल. रागावू द्या. काही गोष्टी आधी सांगाव्याच लागतात.

समतेनं एकच खातं दोघींच्या फोनात का टाकलं, हे मी तिला विचारलं. म्हणाली, पैसे वाचवायला. माझी पोरगी आहे, मला ठाऊक आहे ती किती पैसे वाचवते. तुम्हीही तिला विचारू नका, आपण दोघी फसलो असंच चालू द्या.

थांबते आता. उद्या सकाळच्या शेगाव गाडीचे कंडक्टर ओळखीचे आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. मंगळवारी त्याच गाडीनं मी येते. नको म्हणायचं असेल तर समतेकडून निरोप पाठवू नका, तुम्ही स्वतः फोन करा आणि स्वतः नको म्हणा.

फोनवरचं पुस्तक मी अकराव्याच्या सुरुवातीला आणून ठेवलं आहे. आता मंगळवारपर्यंत त्याला हात लावत नाही. मधे तुम्हाला एकटीला ऐकावंसं वाटलं तर ऐका. नाही वाटलं, तर तसंच राहू द्या. मी आले की दोघी बसू. तुम्ही वाती वळा, हुंकार मी देईन.

आपल्या पोरीची एक आई,
पुष्पा