तीन कोरड्या पायऱ्या

प्रिय वकिलीणबाई,

लहानपणी या नावाने हाक मारली की तू पाय आपटायचीस. आता तुझ्या दारावर तशीच पाटी आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल. आपल्या घरात पत्र म्हणजे कोणीतरी गेलं, अशीच समजूत. तर कोणी गेलेलं नाही. तुझ्या बाबांचा गुडघा होता तसाच कुरकुरतो आहे. चष्म्याचं दुकान ते अजून रोज सकाळी उघडतात आणि गिऱ्हाइकांना काचांपेक्षा सल्लेच जास्त देतात. धाकट्याच्या बायकोला सातवा महिना लागला आहे आणि तिला सध्या कशाचाच वास सहन होत नाही, अगदी माझ्या केसांच्या तेलाचासुद्धा. म्हणून तिच्याकडे जाताना मी डोक्याला रुमाल गुंडाळून जाते. हसू नकोस. चहा घे आणि निवांत बसून वाच.

तुमच्या प्राधिकरणाचा नवा कायदा आमच्याकडे लागू झाला त्या दिवशी दोन गाड्या भरून माणसं आली. सगळी सभ्य. आपल्या पाणी संस्थेचं ऑफिस म्हणजे पोस्टामागची ती खोली, जिथे शाळा सुटल्यावर तू माझ्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचीस आणि मीटिंगमध्ये कोण थापा मारत होतं ते घरी जाताना मला सांगायचीस. त्या खोलीला त्यांनी कुलूप लावलं. मग धरणावर जाऊन पाणी सोडायच्या दरवाज्याच्या चाकाला साखळी घातली आणि वर लाखेचं सील केलं. यापुढे धरण, कालवा, दरवाजा सगळं राज्य प्राधिकरणाचं. त्या चाकाला परवानगीशिवाय हात लावणं म्हणजे गुन्हा, आणि साठवलेलं पाणी वाया घालवणं हा त्याहून मोठा गुन्हा. मी इतकी वर्षं अध्यक्ष होते. त्यांनी मला सही करायला आपलं पेन दिलं आणि सही झाल्यावर ते लगेच परत मागून घेतलं.

मला कायद्याचा राग नाही, हे आधीच सांगून टाकते. वरच्या गावच्या मंडळाने काय दिवे लावले ते मला ठाऊक आहे. साडूच्या शेताला पाणी, मेहुण्याच्या कारखान्याला पाणी, आणि टोकाच्या घरांना कोरडे नळ. मागच्या खेपेला जेवताना आपण दोघी भांडलो, तेव्हा तू म्हणालीस की पाणी नात्यागोत्यावर सोडलं जातं, आणि ते बंद करायचं तर सगळ्यांचेच हात बांधावे लागतील. मी ताटावरून उठले खरी, पण तुझं म्हणणं मला खोडून काढता आलं नव्हतं. कायदा झाला त्या संध्याकाळी तू फोन करून सांगितलंस की आई, यापुढे धरणाचं काही माझ्याशी बोलायचं नाही, घरच्या वाटेने आलेलं काम मी करणार नाही. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. मी तसा शब्द दिला आणि आजपर्यंत पाळला.

आपल्या धरणाच्या पाण्याकडच्या अंगाला दगडी पायऱ्या आहेत, त्या तुला आठवत असतील. वरच्या तीन पायऱ्या आपण कायम कोरड्या ठेवत आलो. माझ्या आधीच्या अध्यक्षांनी ठेवल्या, त्यांच्या आधीच्यांनी ठेवल्या. भिंत मातीची आहे. तिच्या माथ्यावर एके काळी मोठाली झाडं होती. ती तोडली, पण मुळं आतच राहिली आणि कुजून गेली. जिथे मुळं होती तिथे आता पोकळ्या आहेत, आणि त्या सगळ्या वरच्या तीन पायऱ्यांच्या उंचीवर आहेत. पाणी तिथवर चढलं तर त्याला आतून वाट सापडते. भिंत उकरून पुन्हा बांधायची आपल्या संस्थेची कधी ऐपत झाली नाही, म्हणून आपण पाणीच तिथवर चढू दिलं नाही. दरवाजा आणि कालवा सांभाळणारा आपला पाटकरी तर दर उन्हाळ्यात वरची पायरी झाडून तिच्यावर बसून विडी ओढायचा आणि मला म्हणायचा, "बाई, बूड कोरडं आहे तोवर गाव कोरडं आहे." ताबा देताना मी हे साहेबांना सांगितलं. ते हो म्हणाले, लिहूनही घेतलं. पण यंदा पाऊस कमी आणि शहराला पाणी कमी, म्हणून प्रत्येक धरण काठोकाठ भरून ठेवायचा हुकूम आहे. वरच्या धरणातलं पाणी थोडं थोडं करून आमच्यात सोडताहेत. खालची पायरी बुडाली, मग मधली. आता एक उरली आहे.

गंमत अशी की इथे सगळे खूश आहेत. भिंतीच्या खालच्या वस्तीत भर उन्हाळ्यात विहिरी वर आल्या आहेत. तुझ्या भावाच्या घरामागची विहीर तर आता नुसती वाकून तांब्याने भरून घ्यावी इतकी. तुझी भावजय मला ते कौतुकाने दाखवायला घेऊन गेली आणि मी तिथून तडक भिंतीकडे गेले. भिंतीच्या पायथ्याशी एक लांबलचक हिरवा पट्टा उगवला आहे. सगळीकडे करपलेलं आणि तिथेच तेवढं कोवळं लुसलुशीत गवत. शेळ्या दिवसभर तिथून हलत नाहीत, आणि शेळ्यांवाली म्हातारी मला भेटेल तेव्हा म्हणते की सरकारी कारभार मानवला हो तुमच्या धरणाला.

पट्ट्याच्या एका टोकाला भिंतीतून पाणी झिरपतं आहे. आधी नुसती ओल होती, आता करंगळीएवढी धार आहे. झिरपणाऱ्या पाण्याची मला भीती नाही, मातीचं धरण थोडं पाझरणारच. पाणी स्वच्छ असतं तोवर ते नुसतं पाणी असतं. तुझे बाबा धरणाला स्वतःची सवत म्हणतात, हे तुला माहीत आहे, इतक्या वर्षांत कधी तिकडे फिरकले नाहीत. ते आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी गुडघा धरून तिथे जातात आणि काचेच्या पेल्यात ते पाणी धरून आणतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत पेले ओळीने ठेवलेत, मला पाणी प्यायला पेला उरलेला नाही. पहिल्या पेल्यांतून पलीकडचं झाड दिसतं. पुढच्या पेल्यांत ते धूसर होत जातं. कालच्या पेल्याच्या तळाशी बोटाचं पेर बुडेल एवढा गाळ बसला आहे. ती माती भिंतीच्या पोटातून वाहून येते आहे.

मी हातावर हात धरून बसले नव्हते. प्राधिकरणाचा एक तरुण इंजिनिअर येऊन गेला. चांगला मुलगा. पट्टा पाहिला, पाण्याखाली हात धरला आणि गाळ दोन बोटांत चोळला. जाताना म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी आजच लिहितो. पण दरवाजा उघडायची परवानगी माझ्या साहेबांच्या साहेबांकडून यावी लागते." त्याने लिहिलं, मला प्रतही दाखवली. नंतर त्याची बदली झाली. त्यात काही काळंबेरं नाही, बदल्यांचा हंगामच आहे. त्याच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. मी स्वतः मोबाइलवर तक्रार नोंदवली, फोटो जोडले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "तक्रार निकाली. जलसाठा समाधानकारक." पुन्हा नोंदवली, पुन्हा तेच. मग तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या बाईंनी पंखा माझ्याकडे वळवला, पाणी दिलं, आणि म्हणाल्या की फाइल वर गेली आहे. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

वस्तीत घरोघर फिरले. कोणी घर सोडायला तयार नाही. कुठलीही नोटीस नाही, भोंगा नाही, मग उगाच चंबूगबाळं आवरून जायचं कुठे? मी आता अध्यक्षही नाही. खुर्ची गेली म्हणून बाईंना धरण फुटायची स्वप्नं पडतात, असं पाठीमागे बोलतात तेही ऐकलं. ते जाऊ दे. तुझ्या भावाचं ऐक. भिंतीच्या बरोबर खाली त्याचं सुतारकामाचं वर्कशॉप, त्यात लोकांची दारं-खिडक्या अर्धवट पडलेली. मी हात जोडले. तो रंधा खाली न ठेवता म्हणाला, "आई, धोका असता तर ताईने सांगितलं नसतं का? ती तिथेच तर बसते." वस्तीतल्या सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. तुमचीच मुलगी प्राधिकरणात आहे, तुम्हाला कसली काळजी. तुझ्या नावावर लोक तिथे बिनघोर झोपताहेत, पोरी. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. पण तुला कळायला हवं. भावजयीला मात्र मी काल वर घरी आणलं, माझ्या डोळ्यांसमोर राहा असं तिला सांगून. माझ्या तेलाची बाटली बाहेर ठेवून दिली आहे.

आज सकाळी पाटकरी येऊन सांगून गेला. त्याला आता प्राधिकरणाचा गणवेश मिळाला आहे, बिचारा उन्हातसुद्धा गळ्यापर्यंत गुंड्या लावून फिरतो. सोमवारी वरच्या धरणातून मोठं पाणी सोडणार आहेत. शेवटची पायरी त्यात जाईल. सांगताना त्याचे डोळे सारखे चाकाकडे वळत होते, पण त्याची पेन्शन दोन वर्षांवर आली आहे म्हणून मदतीचं मी काढलं नाही.

उद्या उजाडताच मी दरवाजा उघडणार आहे. आधी ओढ्याच्या पात्रात कोणी नाही हे पाहीन, मग हळूहळू, पाणी ओढ्याच्या काठात राहील इतपतच. पाणी पार खाली जाईपर्यंत चाक सोडणार नाही. लोखंड कापायची करवत बाजारातून माझ्या पैशाने आणली आहे आणि पावती जपून ठेवली आहे, म्हणजे तुझ्या भावाच्या वर्कशॉपवर कोणी बोट ठेवायला नको. ते चाक फिरवायला दोन माणसांचा जोर लागतो असं सगळे म्हणतात. मी ते एकटी फिरवणार आहे आणि तुझे बाबा तेव्हा घरी असतील. कोणी विचारलं तर तूही हेच सांगायचं. एवढं पाणी गेलं की शहरात तुम्हाला उन्हाळाभर एक दिवसाआड पाणी मिळेल. बाया रांगेत उभ्या राहतील आणि मला शिव्या देतील. त्या शिव्या मला मान्य आहेत. मला भीती वाटते, खूप वाटते. तुरुंगाची थोडी आणि त्या भिंतीवर उभं राहण्याची जास्त.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, ते आता सांगते. सांगितलं असतं तर तू पाच मिनिटांत वरिष्ठांना कळवलं असतंस. मी तुला वाढवलं आहे, मला माहीत आहे, आणि तू कळवलं नसतंस तर मलाच वाईट वाटलं असतं. मग उद्या चाकापाशी पोलीस उभे असते, परवानगीची फाइल कुठेतरी वर गेलेली असती, आणि सोमवारी पाणी ठरल्याप्रमाणे आलं असतं. म्हणून पत्र. ते आज दुपारच्या टपालाने निघेल आणि तुझ्या हाती पडेल तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. पाकीट टाकू नकोस. त्यावरचा शिक्का दाखवलास की कोणालाही कळेल, तुला आधी काही माहीत नव्हतं. आमच्या भागातली प्रकरणं तुझ्याच टेबलावर येतात, तेव्हा हेही येईल. नियमात असेल तर दुसऱ्याकडे दे, नसेल तर स्वतः सही कर आणि खटला भर. आई म्हणून एकही कलम गाळू नकोस, नाहीतर लोक म्हणतील पाणी पुन्हा नात्यागोत्यावरच सुटलं. पण हे पाकीट येण्याआधी तुला भिंत फुटल्याची बातमी कळली असेल, तर आम्हाला उशीर झाला असं समज. तुझी भावजय वरच्या घरी एकटी असेल. आधी तिच्याकडे जा.

कागदावर तुला मला जे म्हणावं लागेल ते म्हण, पण तुझीच,
आई