जिवाणूंची भूक

बालाघाट
१८ जानेवारी १९६८

प्रिय सत्यभामा,

सप्रेम जयभीम.

इकडे सगळे खुशाल. थंडी फार आहे. आईचे गुडघे धरलेत, तोंड मात्र चालू आहे. ती विचारते, चिवडा आवडला का. मी हो सांगून टाकलंय. पुढच्या पत्रात तूही तसंच लिही. शनिवारी राईस मिलला सुट्टी होती. घरीच होतो.

तुझं पत्र मिळालं. चार पानं जिवाणूंची, दोन ओळी नवऱ्याच्या. गारठ्यात त्यांच्या अंगावरचं पातळ आवरण ताठरतं, मग पुढ्यातली साखरही आत घेता येत नाही, म्हणून तुला केवढी काळजी. मी जेवलो की नाही, ते विचारलेलं नाहीस. आणि हा तुझ्या प्रयोगशाळेतला हिरालाल पानोपानी आहे. हिरालालने मीठ वाढवलं, हिरालालने पाणी आंबट केलं.

परवा आपल्याकडे दही लागलं नाही. आई म्हणाली, "तुह्या बायकोचे किडे उपाशी निजले वाटते. पत्र तं त्यायच्यावरच लिहून राह्यली ना थे?"

मी दूध पुन्हा कोमट केलं, मिलमधून धानाचा कोंडा आणला आणि गाडगं त्यात पुरलं. दही लागलं. तेव्हा तुझी ती चार पानं पहिल्यांदा नीट वाचली. एरवी आईला पत्र वाचून दाखवताना "पुढे किड्यांचंच आहे" म्हणून मी ती गाळतो.

वर खोटं लिहिलं. शनिवारी मी घरी नव्हतो. चिवड्याचा डबा घेऊन नागपूरला आलो होतो. प्रयोगशाळेच्या खिडकीतून तू दिसलीस. हिरालालने काहीतरी विचारलं आणि तू हातवारे करून सांगत सुटलीस. चहा तसाच निवत राहिला. तुझा तो चेहरा मी लग्नात पाहिला नाही, नंतरही नाही. अंगाचा तिळपापड झाला. तसाच परत फिरलो, चिवडा गोंदियाच्या फलाटावर मीच संपवला.

त्या माणसाने काही वावगं केलं नाही. त्याला तुला विचारता येतं आणि मला येत नाही, याचाच मला जळफळाट होतो.

सर संशोधनासाठी आणखी दोन वर्षं नागपूरलाच थांबायला सांगतात, तुमचं मत कळवा, असं लिहिलंस. थांब. मनापासून लिहीत नाही, पण लिहिलेलं मागे घेणार नाही.

आता एक विचारतो. हिरालालने आधीच विचारलं असेल, तरी मला पहिल्यांदा सांगतेस तसं सांग. गारठलेल्या जिवाणूला पुन्हा ऊब दिली, तर तो लगेच खायला लागतो, की आधी थोडा रुसून बसतो?

चार पानं चालतील.

तुझाच, अजून रुसलेला,
तेजराम